अर्जुना जोड मागतो

भट्टीतून काढलेलं लोखंड कुणासाठी थांबत नाही. ते लालपिवळं पाणी हंड्यात पडलं की साच्यात जाईपर्यंत मध्ये फार थोडा वेळ असतो. उशीर केला तर घट्ट होतं, घाई केली तर हिंदकळून सांडतं. म्हणून हंड्याच्या लांब दांड्याची दोन टोकं दोघांनी धरायची, गुडघे थोडे वाकवायचे, खांदे एका पातळीत ठेवायचे आणि न धावता धावल्यासारखं चालायचं. या हंड्याला कामगार 'लाडल' म्हणत. लाडल हातात असताना बोलायचं नाही, हा सांगलीच्या त्या ओतशाळेतला पहिला नियम होता.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात अर्जुना गडदे नावाच्या पोरानं भरलेली लाडल मध्येच खाली टाकली.

दांड्याच्या दुसऱ्या टोकाला गुंडा होता. गुंडा हे त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव. स्वभावानं तो नुसता थट्टेखोर. अर्जुना जतच्या माळावरचा, धनगराचा. मेंढरांत रोग शिरून कळप संपला, तेव्हा बाप बिराप्पा भावाच्या मेंढरांमागं राहिला आणि आई सुलाबाई पोराला घेऊन सांगलीला आली. ती हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायला लागली, पोरगा ओतशाळेत वाळू चाळायला. वाळू चाळता चाळता तो लाडलीपर्यंत पोचला, पण पहिल्या दिवशी चिकटलेलं 'मेंढक्या' हे नाव सुटलं नाही. त्या दिवशी गुंडानं नियम मोडला आणि पावलांच्या तालावर हळूच सूर धरला, "ब्यॅ… ब्यॅ…"

अर्जुनानं दांडा सोडला.

लोखंड ओल्या वाळूवर पडलं की बार उडाल्यासारखं उडतं. गुंडाच्या पायावर शिंतोडे आले. तो एका पायावर नाचत ओरडला, सगळी ओतशाळा धावली आणि त्या दिवशीचे उसाचे दोन चरक ओतायचे राहिले. मालक स्वतः खाली आले.

"याला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा," ते म्हणाले.

नानासो मिस्त्री पुढं झाले. साचे करण्यात त्या भागात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यामुळे मालकही त्यांचं ऐकत. "मालक, पोरगं माझ्या हाताखालचं हाय," मिस्त्री म्हणाले. "आजच्यापुरतं ऱ्हाऊ द्या. पुन्यांदा कुनावर हात उचलला, तर मीच त्याला फाटकाभाईर नेऊन सोडतो."

त्यापूर्वीही अर्जुनानं बरंच केलं होतं. एका कारकुनाच्या टोपीत वाळू भरली होती. हळदीच्या पेठेतल्या एका हमालाचा दात पाडला होता. सुलाबाईला वखारीतला मुकादम काही बोलला म्हणून मुकादमाच्या दाराची कडी उपटून आणली होती, आणि ती कडी घरात खुंटीला टांगून ठेवली होती. तो चोरी करत नव्हता, दारूला शिवत नव्हता. पण त्याच्या अंगात सतत काहीतरी उकळत असायचं, आणि समोर जो येईल त्याच्यावर ते सांडायचं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी त्याला आपल्याजवळ बसवलं. ते एका चाकाचा साचा भरत होते. वाळू ठोकून घट्ट झाली तशी त्यांनी हातातली बारीक सळई अर्जुनाला दिली.

"पाड भोकं."

अर्जुना सळईनं वाळूत भोकं पाडू लागला.

"कशाला पाडायची रं ही?"

"वाफ जायला."

"आन न्हाई पाडली तर?"

"साचा फुटतो."

"सगळं ठावं हाय की तुला," मिस्त्री म्हणाले. "मग तू कशापायी फुटतोयास?"

अर्जुनानं आणखी एक भोक पाडलं. मग म्हणाला, "मानसाला भोक कुठं पाडायचं, मिस्त्री?"

मिस्त्री हसले नाहीत. "सांजच्याला तालमीत ये," ते म्हणाले.

कारण दिवसा मिस्त्री असलेले नानासो संध्याकाळी वस्ताद असत. नदीकडच्या एका लहान तालमीत ते पोरांना कुस्ती शिकवत. अर्जुना तिथं गेला, लाल मातीत उतरला, आणि आठवडाभरात त्यानं तीन जोडीदारांना रडवलं. पण कुस्तीनं नव्हे. पकड बसली, अंग आवळलं गेलं, की त्याला काही सुचेनासं व्हायचं आणि तो गुद्दे हाणायचा. एकाच्या दंडाला तर तो चावला.

"मातीभाईर!" वस्ताद गरजले. "कुस्ती म्हंजी मानसाला धरायची इद्या. तुला कुनी धरल्यालंच सोसत न्हाई. पुन्यांदा मातीत पाय ठेवायचा न्हाईस."

"मग मी काय करू?"

वस्तादांना राग आला होता, म्हणून त्यांनी शिक्षा सांगितली. "हरिपूरला जा पळत. संगमात मुंडासं बुचकळ आन पळत माघारी ये. मुंडाशातनं पानी गळत आसलं तर तालमीच्या दारात उभा ऱ्हा. सुकलं आसलं तर तसाच घरला जा."

सांगलीहून हरिपूर काही फार लांब नाही. नदीच्या काठानं झाडांच्या सावलीतला रस्ता आहे. पण ते दिवस वैशाखातले होते. अर्जुना पहिल्या दिवशी आला तेव्हा त्याच्या मुंडाशाची फक्त गाठ दमट होती.

"काय रं, वाटंत चिंचा खाल्ल्यास व्हय?" तालमीतली पोरं हसली.

त्यानं मूठ वळली. वस्ताद दारातच होते. त्यांनी फक्त बोटानं रस्ता दाखवला. अर्जुना घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो परत पळाला. तिसऱ्या दिवशीही. खरं तर शिक्षा एका दिवसाची होती, पण हे वस्तादांनी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. पंधरवड्यानं मुंडासं दमट यायला लागलं. वळीव पडून गेल्यावर एका संध्याकाळी तो दारात आला आणि त्यानं मुंडासं सोडून पिळलं, तेव्हा उंबऱ्यावर धार पडली.

"पावसात भिजलं आसंल," एक पोरगा म्हणाला.

"पाऊस काल झाला, येड्या," वस्ताद म्हणाले. मग अर्जुनाकडं वळून, "काय वाटतंय रं?"

"मोकळं वाटतंय," अर्जुना म्हणाला.

त्याचं पळणं बघायला जरा विचित्र होतं. शर्यतीत पळणारी पोरं उड्या घेतल्यासारखी, गुडघे उचलून पळतात. अर्जुना लाडल धरल्यासारखा पळायचा: गुडघे किंचित वाकलेले, पावलं जमिनीलगत, खांदे स्थिर. डोक्यावर पाण्याची घागर ठेवली असती तरी सांडली नसती. त्यात दिसायला डौल नव्हता, पण त्यात वायाही काही जात नव्हतं. जी ताकद इतरांची वर-खाली होण्यात जायची, ती सगळी त्याला पुढं नेत होती.

सुलाबाईला हे पळणं पटत नव्हतं. "दिसभर राबायचं आन वर पळायचं," ती भाकरी थापता थापता म्हणायची. "आरं, तुज्या मागं लागलंय तरी कोन?"

"कुनी न्हाई, आई. म्हनून तर बरं वाटतंय."

दीड वर्षात त्यानं कुणाला मारलं नाही. गुंडाचा पाय बरा झाला, डाग मात्र राहिले. सुरुवातीला दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मग एकदा गुंडा आपणहून म्हणाला, "लेका, तुला नुसतं 'ब्यॅ' म्हनलं, तू माझ्या पायाची चाळन केलीस. आता फुकटात म्हनू का आनखी एकदा?" अर्जुनाला हसू आलं. तेव्हापासून हरिपूरहून परतताना गुंडा कधी कधी रस्त्याकडेला बसलेला असायचा आणि ओरडायचा, "आरं मुंडासं सुकतंय! मुंडासं!"

चव्वेचाळीसच्या संक्रांतीनंतर सांगलीत एका व्यायाम मंडळानं मैदानी शर्यती ठेवल्या. मैलभर पळण्याची शर्यत त्यात मोठी होती. मिस्त्रींनी अर्जुनाला ओतशाळेतच सांगितलं, "नाव दिऊया तुजं."

"कशाला? हितं पळतोय ते बरं हाय की."

"एकटा पळतोस तवर ती शिक्षाच हाय, गड्या. दुसऱ्यासंगं पळशील तवा ती शर्यत. तू कुनाच्या जोडीचा हायस, ते बगाया नको?"

ही गोष्ट अर्जुनाच्या मनात बसली. त्याला बक्षिसाचं काही नव्हतं. पण आपण कुणाच्या जोडीचे आहोत, हे त्याला आजवर कुणी कळूच दिलं नव्हतं. कारकुनाच्या जोडीचा तो नव्हता, तालमीतल्या पोरांच्याही नव्हता, माळावर बापाजवळ राहिला नव्हता म्हणून मेंढक्यांच्याही नव्हता. रात्री तो आईला म्हणाला, "एकदा लावून बगायचं. हारलो तर हारलो."

दोघं मंडळाच्या कचेरीत गेले. तिथले चिटणीस सभ्य गृहस्थ होते. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, मग विचारलं, "शाळा? कॉलेज?"

"ओतशाळा," मिस्त्री म्हणाले.

चिटणिसांनी टाक खाली ठेवला आणि कपाटातून एक इंग्रजी पुस्तक काढलं. विलायतेतल्या कुठल्याशा संस्थेचे ते फार जुने नियम होते. मंडळ त्यावरच चाले. "हे पाहा," ते म्हणाले, "या शर्यती हौशी माणसांसाठी आहेत. जो अंगमेहनतीच्या मजुरीवर पोट भरतो, त्याला हौशी धरता येत नाही. त्याचं शरीर कामानं कमावलेलं असतं. मग ते शाळेतल्या मुलांवर अन्यायाचं होतं."

"म्हंजी मी राबतो म्हनून पळायचं न्हाई?" अर्जुनानं विचारलं.

"असं नाही. तुम्ही पळा की. आमच्या शर्यतीत नाही, एवढंच."

बाहेर आल्यावर मिस्त्रींनी अर्जुनाच्या मुठीकडं पाहिलं. ती वळलेली होती. "हिकडं बग," ते म्हणाले. "फाटकाभाईर नेऊन सोडायचं वचन मी मालकास्नी दिलंय. तुला ठावं हाय."

"ठावं हाय," अर्जुना म्हणाला. "मैदानात बगायला तर जाऊ देशीला?"

शर्यतीच्या दिवशी ओतशाळेला सुट्टी होती. मैदानावर चुन्यानं आखलेली गोल वाट होती, एका बाजूला मांडव, खुर्च्या, टेबलावर कप. तीन बाजूंनी माणसं. अर्जुना चड्डी आणि बंडी घालून, अनवाणी, दोरीला टेकून उभा होता. शेजारी मिस्त्री, गुंडा आणि ओतशाळेतली आणखी माणसं.

मैलाची शर्यत लालासाहेब नावाच्या गड्यानं जिंकली. हा वाईकडचा शेतकऱ्याचा मुलगा पलटणीत हवालदार होता. पलटणीतली मैलाची शर्यत त्यानं दोनदा मारली होती. रजेवर कुंडलला बहिणीकडं आला होता, तिथून मंडळानं त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. चार फेऱ्यांत त्यानं कॉलेजच्या पोरांना पार मागं टाकलं. तो उंच होता, ताठ पळायचा, आणि पळताना घड्याळासारखा एकसारखा चालायचा. अर्जुनानं त्याच्यावरून एकदाही नजर काढली नाही.

"याच्या जोडीचा हाय मी," तो हळूच म्हणाला.

आणि मिस्त्रींनी काही म्हणायच्या आत तो दोरीखालून आत गेला.

सरळ मांडवाजवळ जाऊन तो चिटणिसांसमोर उभा राहिला. "साहेब, मला ह्यांच्यासंगं पळायचं हाय."

"अहो, तुम्हाला त्या दिवशी सगळं सांगितलं ना? बाहेर व्हा."

"तुमचा कप नको. नुसतं पळू द्या."

"बाहेर व्हा म्हणतो ना!"

छडी घेतलेला एक स्वयंसेवक पुढं आला. त्यानं छडीचं टोक अर्जुनाच्या छातीला लावलं आणि ढकललं. "ए मेंढक्या, चल!"

हे नाव त्याला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. कदाचित अर्जुनाच्या बोलण्यावरून त्यानं ओळखलं असेल. पण दोरीपाशी उभ्या ओतशाळेच्या माणसांना ते ऐकू गेलं. गुंडा पुटपुटला, "मेला आता." मिस्त्री दोरीखालून वाकून धावले. सगळ्यांना पुढचं दिसत होतं: अर्जुनाचा उजवा हात वर जाईल, खाली येईल, आणि त्याबरोबर त्याची नोकरी, तालीम, दीड वर्षाची मेहनत, सगळं जाईल.

अर्जुनाचा उजवा हात वर गेला.

आणि वरच राहिला.

तो वळला आणि हात तसाच उंच धरून, चुन्याच्या रेषेच्या आतून, सावकाश चालू लागला.

क्षणभर मांडवातल्यांना कळेना की हे काय चाललंय. पण दोरीबाहेरची माणसं खेड्यापाड्यांतली होती. त्यांना समजायला एक पाऊलही लागलं नाही. यात्रेतल्या कुस्तीच्या मैदानात ज्याची कुस्ती ठरलेली नसते, तो पैलवान असाच हात वर करून आखाड्याला फेरी मारतो. तो बोलत नाही, भांडत नाही. त्याच्या जोडीचा जो असेल त्यानं पुढं यावं, एवढंच तो हात सांगतो. अशा माणसाला मैदानातून हाकलायचं नसतं. हाकललं तर त्या मैदानाची अब्रू जाते.

"जोड मागतोय रं!" कुणीतरी ओरडलं.

"द्या की जोड!"

चिटणीस उभे राहिले. "ही कुस्ती नाही! हा पळण्याचा खेळ आहे, याला नियम आहेत. मजुरानं…"

"आवं चिटणीस!" गुंडानं दोन्ही हात तोंडाशी धरून हाळी दिली. "अंगमेहनतीचा पगार घेणारा चालत न्हाई म्हनता, मग पलटनीतला हवालदार काय पूजा सांगून पगार घेतो व्हय?"

मैदान हसलं. लालासाहेबसुद्धा हसला. तो मांडवाच्या सावलीत घोंगडी पांघरून बसला होता.

अर्जुनाची पहिली फेरी झाली. कुणी आलं नाही. कॉलेजची पोरं एकमेकांकडं बघत होती. ती आत्ताच हरली होती. दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा माणसांनी टाळ्यांचा ठेका धरला. अर्जुना कुणाकडं बघत नव्हता. हात दुखत असणार, पण तो वाकला नाही. मांडवासमोरून जाताना त्यानं पाऊल मुद्दाम आणखी हळू केलं.

तिसऱ्या फेरीला लालासाहेबानं घोंगडी टाकली आणि तो आत आला. अर्जुनाच्या वर धरलेल्या हाताला त्यानं आपला हात लावला. झाली जोड.

मैदानानं जो आवाज केला तो नदीपलीकडं ऐकू गेला असेल.

"हवालदार, हे मंडळाच्या शर्यतीत धरलं जाणार नाही," चिटणीस म्हणाले.

"न धरू द्या, साहेब," लालासाहेब म्हणाला. "मैदानात मानूस हात वर करून फिरतोय आन मी सावलीत बसलो, हे गावाकडं कळलं तर बा मला घरात घ्यायचा न्हाई."

पण आता नानासो मिस्त्री मध्ये आले. तालमीत ज्या आवाजात बोलत त्या आवाजात ते म्हणाले, "थांबा. ही जोड बरोबरीची न्हाई."

"का हो, वस्ताद?" कुणीतरी विचारलं.

"हवालदार आत्ता मैलभर पळल्यात. माझं पोरगं ताजं हाय. दमल्याल्या गड्यासंगं ताज्याची कुस्ती लावत न्हाईत. लावली तर जिंकनाऱ्याच्या तोंडाला काळं."

दोरीबाहेर माना हलल्या. वस्ताद खरं बोलत होते. लालासाहेब म्हणाला, "मी फिट हाय, वस्ताद. चालंल."

"तुमाला चालंल. मला न्हाई चालत."

"मला बी न्हाई," अर्जुना म्हणाला. त्यानं हात खाली घेतला, बंडी काढून गुंडाकडं फेकली आणि चुन्याच्या रेषेवर जाऊन उभा राहिला. "हवालदार, तुमी बसा. मी तुमच्याएवढं पळून येतो. मग लावू."

आणि तो एकटाच पळू लागला.

"सावकाश रं!" मिस्त्री ओरडले. "नुसत्या चार फेऱ्या पुऱ्या कर!"

पण अर्जुनाला ते फसवणुकीचं वाटलं. लालासाहेब जीव तोडून पळाला होता. मग आपणही जीव तोडूनच पळालं पाहिजे, नाहीतर बरोबरी कसली? तो पहिल्याच फेरीपासून सुटला. पावलं जमिनीलगत, खांदे स्थिर. समोर कुणी नाही, मागं कुणी नाही, आणि हजारभर माणसं एका माणसाला स्वतःला दमवताना बघतायत. असं पळणं सांगलीनं आधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या फेरीनंतर हसणं थांबलं. तिसऱ्या फेरीला दोरीबाहेरून पोरं त्याच्या बरोबरीनं धावायला लागली. टेबलावर मंडळाचं वेळ मोजायचं घड्याळ होतं. चिटणिसांनी ते उचललं आणि न लावता खिशात टाकलं. त्यामुळं अर्जुना तो मैल किती वेळात पळाला ते आजही कुणाला सांगता येत नाही. जे तिथं होते ते आपापल्या परीनं सांगतात, आणि दर वर्षी ती वेळ थोडी कमी होते.

चौथी फेरी संपवून तो रेषेवर आला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस होता. मिस्त्रींनी लोटाभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. "इतकं पळायला सांगितलं हुतं व्हय तुला? आता पायात काय उरलंय?"

"हवालदाराच्या पायात जेवढं उरलंय तेवढंच."

"दम खा, गड्या," लालासाहेब म्हणाला. "मलाबी बसायला मिळालं की मगाशी."

"तुमास्नी जेवढा मिळाला तेवढाच खातो," अर्जुना म्हणाला, आणि तेवढाच खाल्ला.

दोन फेऱ्यांची शर्यत ठरली. पंच म्हणून मिस्त्री रेषेपाशीच उभे राहिले. कुणीतरी पटका काढून दिला, तो शेवटच्या रेषेवर दोघांनी आडवा धरला.

लालासाहेब ताठ पळत पुढं झाला. अर्जुना त्याच्या खांद्यामागं. पहिली फेरी तशीच गेली, जणू एकच माणूस आणि त्याची सावली. दुसऱ्या फेरीच्या वळणावर अर्जुना बाहेरच्या अंगानं सरकला. त्याची पावलं आता जमिनीलगत राहत नव्हती. थकव्यानं ती फरफटत होती, चुना उडत होता. तरी तो बरोबरीला आला. मग पुढं गेला. एक हात, दोन हात. मैदान वेडं झालं. गुंडा बंडी फिरवत दोरी ओलांडून आत पळाला. आणि शेवटच्या सरळ वाटेवर लालासाहेबानं दात आवळून, मान मागं टाकून, जे काही शिल्लक ठेवलं होतं ते सगळं काढलं. पटक्याला दोघांच्या छात्या लागल्या. दोघंही पलीकडं पडले.

"बरोबरी! बरोबरीत सोडवा!" माणसं ओरडू लागली.

मिस्त्रींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांचा चेहरा वाळूसारखा झाला होता. "बरोबरी न्हाई," ते म्हणाले. "छाती कुनाची आधी लागली ते मी बगितलंय. हवालदारांची."

"वस्ताद, आवं तुमचंच पोरगं…"

"म्हनून तर मला नीट बगाया लागलं."

अर्जुना मातीतून उठून बसला. त्याला धाप लागली होती, गुडघा फुटला होता. "त्यांचीच," तो म्हणाला. "मला कळलं हुतं."

लालासाहेबानं त्याला हात देऊन उभं केलं. "काय पळतोस रं! आधीचा मैल पळला नसतास तर?"

"तर तुमी म्हनला आसता, मी दमल्यालो हुतो."

लालासाहेब हसत सुटला. "सातारला ये. पलटनीच्या मैदानात पळायचं तर पाय बगत्यात, धंदा न्हाई. आन भरती झालास तर…"

"भरती न्हाई हुनार. आई हाय. पळायला येतो."

एवढ्यात चिटणीस आले. त्यांच्या हातात एक टॉवेल होता. माणूस वाईट नव्हता. मैदानाचा रंग बघून त्यालाही काहीतरी द्यावंसं वाटलं असेल. "गडदे, शाबास. मंडळातर्फे हे उत्तेजनार्थ."

अर्जुनानं टॉवेलकडं पाहिलं. अंगावरून घाम निथळत होता, गुडघ्यातून रक्त. टॉवेलची त्याला खरोखर गरज होती.

"नको," तो म्हणाला. "पुढल्या सालाला माझं नाव घ्या."

"तो नियम माझ्या एकट्याच्या हातात नाही."

"मग पुढल्या सालालाबी असंच हुईल. तुमची शर्यत झाली की मी फिरनार. तुमी खुर्च्या उचलायला लागा, मी हात वर करतो. लोक कुनासाठी थांबत्यात ते बगू."

आणि त्यानं तसंच केलं. पंचेचाळीसला तो फिरला तेव्हा कुणीच पुढं आलं नाही. लालासाहेब तेव्हा लढाईच्या आघाडीवर होता. अर्जुना दिवस मावळेपर्यंत फिरत राहिला आणि माणसं दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. मांडव मात्र रिकामा झाला. शेहेचाळीसला कॉलेजचा एक पोरगा जोडीला आला, आपलं नाव मंडळ कापेल हे माहीत असून आला, आणि हरला. त्याच साली साताऱ्याला, लढाईहून परत आलेल्या लालासाहेबाला अर्जुनानं दोन हातांच्या अंतरानं मागं टाकलं. लालासाहेबानं त्याला तिथल्या तिथं खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "आता माझा बा मला घरात घेनार न्हाई." या सगळ्या काळात अर्जुना ओतशाळेत लाडल धरत होता. बेचाळीसला काढून घेतलेली लाडल मालकांनी त्याच्या हातात परत दिली होती.

सत्तेचाळीसच्या जानेवारीत मंडळाचा माणूस ओतशाळेत निरोप घेऊन आला: या वर्षी गडदे यांचं नाव घेण्यात येत आहे, त्यांनी येऊन सही करावी.

अर्जुना गेला. बरोबर चौघं होते. एक हळदीच्या पेठेतला हमाल, एक मिरज स्टेशनावर कोळसा भरणारा, एक वीटभट्टीवरचा आणि एक नदीकाठचा कोळ्याचा पोरगा. हे चौघं गेलं वर्षभर त्याच्याबरोबर हरिपूरला पळत होते, आणि ओली मुंडासं घेऊन परत येत होते.

"या, गडदे," चिटणीस म्हणाले. त्यांनी कागद पुढं सरकवला. "तुमच्यासाठी मंडळानं खास ठराव केला. नाव पहिलंच आहे."

"आन ह्यांची?"

चिटणिसांनी चौघांकडं पाहिलं. "हा ठराव तुमच्यापुरता आहे. यांचं पुढं बघू."

अर्जुनानं टाक उचलला नाही. "मग माझंबी पुढं बगा."

"गडदे, तीन वर्षं तुम्ही याच्यासाठी मैदानाला फेऱ्या मारल्यात."

"व्हय. तवा मी एकटा हुतो," अर्जुना म्हणाला. "औंदा पाच जन फिरू. मैदान मोठं हाय तुमचं."

तो उंबऱ्यापर्यंत गेला. चौघं त्याच्या मागोमाग निघाले.

"थांबा हो, थांबा," चिटणीस म्हणाले. "नावं तरी सांगाल की नाही एकेकाची?"